शेवटून दुसरी ओळ

"जरा वाट देता का, बाई?" असं माझे वडील मला म्हणाले.

आणि मी मुकाट्यानं दिली. भिंतीला पाठ लावली, पोट आत घेतलं, परक्या माणसाला देतात तशी वाट दिली. भर दुपार, कॉरिडॉरचे सगळे दिवे चालू, आमच्यात फार तर दोन हातांचं अंतर, माझ्या तोंडावर मास्क नाही की डोक्याला टोपी नाही. अंगात पांढरा कोट होता हे खरं. पण दवाखान्यात कोट सगळ्यांचाच पांढरा असतो, चेहरा तर माझाच होता ना? आधी वाटलं, चेष्टा करताहेत. नानांना ती खोड जुनीच. आता चार पावलं जातील, वळतील आणि म्हणतील, काय ढमे, फसलीस की नाही? मी हसू तयार ठेवून उभी राहिले. नाना वळले नाहीत. डावा हात भिंतीपासून वीतभर लांब धरून, म्हणजे भिंतीला लावायचा नाही पण वेळ आलीच तर जवळ असावी अशा बेतानं, ते कँटीनच्या दिशेनं गेले. मी हाक मारायला हवी होती. हाक मारली असती तर आवाजावरून त्यांनी लगेच ओळखलं असतं, दोन विनोद केले असते, आणि मीही त्यावर विश्वास ठेवून कामाला लागले असते. मी मारली नाही, हे एका अर्थी बरंच झालं.

कारण अर्ध्या तासापूर्वीच धाकटी माझ्या टेबलापाशी नाचत आली होती. धाकटी म्हणजे माझ्या हाताखालची मुलगी, पण हाताखाली म्हणणंही चुकीचं, डोक्यावरच बसलेली असते. "ताई, पार्टी पाहिजे! नानांनी उजव्या डोळ्यानं तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ वाचली. एक अक्षर तेवढं चुकलं. सरांना कळवलंसुद्धा. सर म्हणाले, सोमवारी डाव्याचंही ऑपरेशन उरकून टाकू." मला इतका आनंद झाला की मी तिच्या पाठीत धपाटा घातला. आता इथं भिंतीला चिकटून मी हिशेब मांडत होते. शेवटून दुसरी ओळ वाचणारा माणूस रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी वाचतो. ताटातला केस वेचून बाजूला काढतो. पोटच्या पोरीला "बाई" म्हणत नाही.

धाकटी आणि मी, आम्ही दोघी नजर मोजणाऱ्या. सर कॉर्निया बदलतात. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची ती पारदर्शक काच, घड्याळाला असते तशी. ती धुरकटली की आतलं यंत्र कितीही चांगलं असो, वेळ दिसत नाही. सर ती काढून दुसरी बसवतात, कुणीतरी मरताना मागे ठेवून गेलेली. बसवायच्या दोन पद्धती आहेत. एक जुनी, सबंध काच बदलून कडेनं बारीक टाके घालायची. दुसरी नवी, नुसता आतला झिजलेला थर बदलायची. कोणत्या पद्धतीनं माणसाला पुढे किती दिसतं, याचा आमचा अभ्यास कित्येक वर्षं चाललाय. कोणाच्या वाट्याला कोणती पद्धत, हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो, आणि मोजणाऱ्याला ते कळू द्यायचं नाही, म्हणजे त्याचा हात कुठल्या बाजूला झुकत नाही. नियमांना तोटा नाही आमच्याकडे. खुर्ची तक्त्यापासून किती लांब, दिवा किती उजेडाचा, पेशंटला "शाबास" म्हणायचं की नाही, सगळं लिहून ठेवलेलं आहे. म्हणायचं नाही. "पुढचं वाचा" एवढंच म्हणायचं. आणि आपल्या माणसाला आपण मोजायचं नाही. म्हणून नानांना धाकटी मोजायची आणि मी माझ्या टेबलापाशी नखं खात बसायची.

नाना नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. पडद्याआड विंगेत, बुटक्या स्टुलावर, मांडीवर संहिता. लोकांना नट माहीत असतात, फार तर लेखक. प्रॉम्प्टर कोणाला माहीत असतो? लहानपणी मी त्यांच्या पायाशी बसून नाटकं बघायची, म्हणजे नटांच्या पाठी बघायची. एखादा नट अडखळला की नाना पुटपुटायचे, आणि ते पुटपुटणं असं की नेमकं त्या नटाच्या कानात जायचं, पहिल्या रांगेतल्यालाही पत्ता लागायचा नाही. घरीही तेच. आई पाहुण्यांशी बोलताना एखादं नाव विसरली की शेजारून ते नाव हळूच यायचं, आणि पाहुणे गेल्यावर आई म्हणायची, "मला काय नाटकातली समजलात? विसरू द्या की माणसाला सुखानं!" पुढे नानांचे डोळे धुरकटायला लागले. आतल्या थरातल्या पेशी हळूहळू मरतात, काचेला पाणी सुटतं. सकाळी उठल्यावर सगळं धुक्यात, दुपारनंतर जरा निवळतं. प्रयोग संध्याकाळचे, म्हणून बरीच वर्षं निभावलं. नंतर संध्याकाळही धुक्यात गेली, आणि तरी नाना स्टुलावर बसून पानं उलटत राहिले. वाचत काही नव्हते. अख्खं नाटक पाठ. तालमीत दोनदा ऐकलं की झालं. पानं फक्त लोकांसाठी उलटायची. कंपनीत कोणाला संशयही आला नाही. आम्हांलाही निवृत्तीनंतर कळलं, तेसुद्धा हसत हसत सांगितलं त्यांनी. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाले. आम्हीही हसलो. त्यात काय हसण्यासारखं होतं, आता या भिंतीपाशी आठवेना.

ऑपरेशन करून घ्यायचं नव्हतं त्यांना. "माझं आता काय राहिलंय बघायचं?" हे त्यांचं पालुपद. मीच मागे लागले. जेवताना, झोपताना, फोनवर, नुसती भुणभुण. शेवटी म्हणाले, "बरं बाई, काप. तुझ्या अभ्यासाला एक डोळा माझ्याकडून." चिठ्ठीत जुनी पद्धत आली, टाक्यांची. हे मला कळायला नको होतं; पण रोज घरी थेंब मीच घालत होते, आणि टाके काय लपतात? पट्टी निघाल्यावर पहिल्या तपासणीला त्यांना वरच्या मोठ्या ओळीपलीकडे काही वाचता आलं नाही. लवकर होतं, तसं होतंच. पुढच्या खेपेला एकदम चार ओळी. त्याच्या पुढच्या खेपेला आणखी एक. मी ज्याला त्याला सांगत सुटले. लिफ्टवाल्याला सांगितलं, बँकेतल्या बाईंना सांगितलं. मशीननं काढलेला काचेचा नकाशा एका बाजूला चांगलाच ओढलेला येत होता, म्हणजे टाके तिकडे जास्त आवळलेले. असं झालं की काच स्वच्छ असूनही माणसाला जग बाकदार आरशात बघितल्यासारखं दिसतं, सगळं उजळ आणि सगळं भलतंच. त्यावर इलाज आहेत. टाके सैल करता येतात, वरून कडक लेन्स देता येते. पण सर म्हणाले, "नकाशा वाकडा असेना, माणूस वाचतोय झकास. दिसत असताना टाक्यांना हात लावायचा नसतो." बरोबरच होतं त्यांचं. कोणीही हेच म्हटलं असतं. मीही म्हटलं होतं.

कँटीनकडे न जाता मी मोजणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. नाना जिथं बसतात तिथंच, दाराला लागून. नंबर यायच्या कितीतरी आधी येऊन बसायचे. "घरी बसून काय करू? इथं माणसांत वेळ जातो," म्हणायचे, आणि मला बरं वाटायचं की चला, रमताहेत. त्या खोलीचं दार पुरतं मिटत नाही. तक्त्यामागच्या दिव्याची वायर त्यातून ओढून बाहेरच्या प्लगमध्ये लावलीय, आतला प्लग बिघडल्यापासून. आम्हांला त्याची इतकी सवय झालीय की दार बंद आहे असंच आम्ही समजतो. आत धाकटीचा आवाज आला, "डावा झाका. हं, पुढचं वाचा." मग एका बाईंचा आवाज, शाळेत कविता म्हणावी तसा, एक एक अक्षर सुटं करून. पहिली ओळ. दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत बाई अडखळल्या, धाकटी म्हणाली, "अंदाजानं सांगितलं तरी चालेल," आणि बाईंनी सांगितलं. बाई बाहेर आल्या, एक आजोबा आत गेले. त्यांचाही उजवाच डोळा. पहिली ओळ. दुसरी ओळ. तीच अक्षरं, त्याच क्रमानं.

उजव्या डोळ्याला एक तक्ता, डाव्याला दुसरा, म्हणजे उजव्यानं वाचलेलं डाव्याला पाठ नको. केवढी हुशारी! आणि सगळ्या जगाच्या उजव्या डोळ्यांना मात्र तोच एक. पेशंटच्या नजरेस तक्ता आधी पडू नये म्हणून आम्ही खिडकीला काळा कागद लावलाय. बाकाची पाठ मुद्दाम दाराकडे केलीय. डोळ्यांच्या दवाखान्यात कानांचा विचार कोण करणार? मला हसू यायला लागलं, आणि मग ते हसू नव्हतंच. समोरचा पेशंट दुसरीकडे बघायला लागला. एक अक्षर चुकलं म्हणे शेवटून दुसऱ्या ओळीत! मुद्दाम चुकवलं असणार. सगळंच्या सगळं बिनचूक आलं तर पाठांतर वाटतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

एक विचार मात्र असा आला की मी उठलेच. सोमवारी डावा. या माणसाला आत्ता जे काही दिसतंय ते डाव्यानं. धुकट का होईना, दुपारनंतर जिन्याची पायरी, दाराची चौकट, गॅसची ज्योत, सगळं त्या न कापलेल्या डोळ्याच्या जिवावर. तोही बांधून ठेवला, आणि त्याचंही असंच झालं, तर? आणि सोमवारी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन टेबलावर झोपणार होते. एक शब्द बोलले नसते.

नाना कँटीनमध्ये कोपऱ्यातल्या टेबलावर होते. चहाच्या कपाभोवती दोन्ही हात. मी खुर्ची ओढली तेवढ्यात म्हणाले, "आलीस का ढमे? चप्पल घासत चालतेस आज. दमलीस?"

ढमी हे माझं लहानपणचं नाव, तेव्हा मी गोल होते. आता खांद्याची हाडं दिसतात, ती त्यांना दिसत नाहीत एवढंच.

"नाना, मघाशी कॉरिडॉरमध्ये कोणाला वाट मागितलीत?"

"होती कोणीतरी बाई. वाटेत खांबासारखी उभी." मग थांबले. कपावरची बोटं थांबली. "अरे देवा," म्हणाले. "तू होतीस?"

मला रडू आवरत नव्हतं, आणि त्याहून जास्त राग आवरत नव्हता.

"म्हणजे कळलं तर तुला," नाना म्हणाले. चोरी पकडल्यावर मुलं करतात तसा चेहरा. "पाठांतर बाकी चोख होतं की नाही?"

"विनोद करू नका!" मी इतक्या मोठ्यानं म्हटलं की गल्ल्यावरच्या माणसानं वर बघितलं. "सोमवारी दुसरा डोळा द्यायला निघाला होतात तुम्ही! खोट्याच्या जोरावर! अहो, कोणासाठी? सरांसाठी? अभ्यासासाठी? त्या मेल्या तक्त्यासाठी?"

"ओरडू नकोस. चहा घे."

"नको मला चहा."

नानांनी कप बाजूला सरकवला. मग अगदी हळू, त्यांच्या त्या जुन्या आवाजात, फक्त मलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "पहिल्या खेपेला मला फारसं काही वाचता आलं नाही बघ. बाहेर आलो. तू विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, एकच ओळ. तू म्हणालीस, हरकत नाही नाना, वेळ लागतो. म्हणालीस चांगलंच. पण आवाज पडला तुझा. आई गेली तेव्हा फोनवर पडला होता, तितका. मला चेहरे दिसत नाहीत गं आता, दिसत नाहीत त्याचं एवढं काही नाही. पण तो आवाज मला पुन्हा ऐकायचा नव्हता. मग ठरवलं, आपल्याला येतं ते करावं. बाकावर बसलो. दोन दिवसांत तक्ता बसला."

"आणि दिसतं किती खरं?"

"उजेड भरपूर आहे. उजेडाला तोड नाही, तुझ्या सरांना सांग. पण माणूस दोनदा दिसतो, आणि दोन्ही वाकडे. ढमे, मी म्हटलं, असतं एकेकाचं नशीब. काच लागली ती लागली, आता कुरकूर करून काय ती परत देता येणार आहे कोणाला? ज्यानं दिली तो तर गेला. मग निदान तुझी मान तरी वर राहू दे."

आणि इथं मला कळलं की या माणसाला काहीच माहीत नव्हतं. टाके सैल करतात हे माहीत नव्हतं. लेन्स असते हे माहीत नव्हतं. कोण सांगणार? जो झकास वाचतोय त्याला कशाला कोण इलाज सांगेल? मी टेबलावर बोटानं गोल काढून, त्यांचं बोट धरून त्या गोलावरून फिरवून, काच कशी ताणली जाते ते सांगितलं. इथं टाके आवळलेत, इथले काढले की काच सैल पडेल, रेषा सरळ होतील. सगळ्या नाही होणार, पण पुष्कळ. दुसऱ्याही खेपेला तुम्ही "नाही दिसत" म्हणाला असतात तर एव्हाना इलाज सुरूही झाला असता. बोलता बोलता मी त्यांचं बोट इतकं दाबलं की त्यांनी "आई गं" केलं.

"म्हणजे नापास झालो असतो तर औषध मिळालं असतं?" नाना म्हणाले.

"हो."

"हे भलतंच आहे तुमचं. आमच्यात चुकला की हाकलतात."

सरांकडे मी एकटीच गेले आणि सगळं सांगितलं. सर रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिले. नानांच्या डोळ्याचा फोटो त्यांनी प्रत्येक भाषणात दाखवलाय. "काच इतकी सुंदर राहिलीय," ते म्हणाले, "की आत माणूस आहे हे मी विसरलो." मग म्हणाले, "सोमवार रद्द. आत्ता नवा तक्ता लावा, पुन्हा मोजा. टाक्यांचं मी उद्या बघतो." मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून म्हणाले, "त्या बाकावर आणखी कोण कोण बसत होतं, हो?" बाकीच्यांचं काय ते पुढे बघावं लागेल, सगळं पहिल्यापासून. बघू. त्या वेळी माझ्या डोक्यात एकच माणूस होता.

धाकटी रडवेली झाली होती. तिनं कपाटातून न वापरलेला तक्ता काढला, त्याचा प्लास्टिकचा कागद फाडला, दिव्यावर चढवला. नाना खुर्चीत बसले, नाटकातल्या राजासारखे ताठ. नियमाप्रमाणे मी बाहेर थांबायला हवं होतं. "ताई, तुम्ही दारात उभ्या राहा," धाकटी म्हणाली. "मला नाही बघवणार एकटीला." मी दार धरून उभी राहिले. डावा डोळा झाकला. "वाचा."

पहिली ओळ नानांनी वाचली. सावकाश, मान जरा तिरकी करून, एकेका अक्षरावर जाऊन येऊन. दुसऱ्या ओळीचं पहिलं अक्षर वाचलं, बरोबर. मग थांबले. धाकटीनं माझ्याकडे बघितलं. तक्ता मला समोर लख्ख दिसत होता, सगळ्या ओळी, शेवटची अगदी बारीकसुद्धा. नानांचे ओठ हलले आणि मिटले.

"पुढचं दिसत नाही," नाना म्हणाले.

आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं मी ते वाक्य त्यांच्या तोंडून. आणि म्हणून झाल्यावर त्यांनी तक्त्याकडे बघायचं सोडलं. मान वळवून कान दाराकडे केला, माझ्याकडे. ते माझ्या आवाजाची वाट बघत होते. मी ठरवून ठेवलं होतं, अगदी सरळ आवाजात, रोज पेशंटशी बोलते तसं म्हणायचं, छान, हरकत नाही. जमलंही असतं. पण मग त्यांचं खोटं संपून माझं सुरू झालं असतं, आणि आम्ही दोघं जन्मभर एकमेकांना तोंडपाठ गोष्टी सांगत बसलो असतो.

"फारच कमी आहे हो नाना," मी म्हटलं, आणि आवाज पडला. चांगला खालपर्यंत पडला.

"पडला बघ," नाना म्हणाले.

"पडला तर पडला. तुम्हांला वाईट वाटेल, मला वाईट वाटेल. वाटू दे. दिसतं तेवढंच सांगा."

नाना खुर्चीत जरा सैल बसले. खांदे खाली आले. मग समोर वळून, उजवा डोळा बारीक करून, धाकटीला म्हणाले, "पोरी, पुन्हा पहिल्यापासून घे. मघाशी वरच्या ओळीतलंही एक अक्षर मी अंदाजानंच ठोकलं होतं."